एका रात्रीचा नातू

माझ्या थोरल्या साडूंना मी एका रात्रीत आजोबा केलं. तेही भर रस्त्यात, बारा वाजायला आलेले असताना, माईकवर, शे-दोनशे माणसांच्या साक्षीने. नातू सात वर्षांचा होता, हट्टी होता आणि घरी त्याला सोन्या म्हणत होते. एवढी सगळी माहिती मी एका दमात दिली. माझ्या साडूंना मूलबाळ नाही, ही गोष्ट त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः, आणि दुसरा मी.

जीभ घसरली, असं म्हणून पुढे मी स्वतःची बरीच समजूत घातली. पण घसरायला जीभ आधी सरळ चालत असावी लागते. माझी जन्मापासून उतारावरच आहे.

साडू हे नातं मोठं गमतीचं. दोन पुरुषांनी एकमेकांना पाहिलेलं नसतं, पसंत केलेलं नसतं. दोन बहिणी आपापली लग्नं करतात आणि त्याचा भुर्दंड म्हणून हे दोघे सासुरवाडीच्या एकाच सोफ्यावर येऊन बसतात. एकाची स्तुती सुरू झाली की दुसऱ्याने पाणी प्यायला उठायचं, असा त्या सोफ्याचा नियम आहे. मी इतकं पाणी प्यायलो आहे की विचारू नका. "थोरले जावई कसे शांत, कसे मोजकं बोलणारे," असं सासूबाई म्हणायच्या आणि 'थोरले' या शब्दावर उगाचच जोर द्यायच्या. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला 'धाकटे' म्हणतात, आणि वर अहोजाहो करतात. चारचौघांत "अहो धाकटे" अशी हाक आली की लोक वळून बघतात आणि त्यांना माझं टक्कल दिसतं.

भाऊ कवळ्या बनवतात. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्यांची अरुंद खोली आहे. खिडकीला लागून टेबल, टेबलावर मेण, प्लास्टर, एक छोटासा स्टोव्ह आणि ओळीने मांडलेले जबडे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, सभा भरली आहे आणि वक्त्याचीच वाट आहे. मी तसं म्हणालोही. भाऊंनी हातातल्या गुलाबी हिरडीवरून कानस फिरवत म्हटलं, "यांचं एक बरं असतं, धाकटे. सांगितल्याशिवाय उघडत नाहीत."

हे झालं दिवसाचं. संध्याकाळी भाऊ घरी येतात, नखांत अडकलेलं प्लास्टर ब्रशने घासून काढतात, टीव्हीसमोरच्या मोड्यावर बसतात आणि दोन्ही हातांत ते बटणांचं यंत्र धरून गाडी पळवतात. खऱ्या आयुष्यात भाऊंना गाडी येत नाही. सायकलसुद्धा त्यांना ढकलतच न्यावी लागते. पण टीव्हीत ते डोंगरकड्यांवरून, पुलांवरून, बर्फातून अशी गाडी हाणतात की बघणाऱ्याने पाय आखडून घ्यावेत. जिंकत मात्र कधीच नाहीत. आठवे येतात, नववे येतात. एकदा रात्री मला फोन आला.

"धाकटे, सहावा आलो!"

"वा! किती जण होते?"

"तसं विचारायचं नसतं," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या मेहुणीबाई, म्हणजे ताई, रुग्णालयात मुख्य नर्स आहेत. अख्खा वॉर्ड त्यांच्या एका नजरेवर चालतो. भाऊंच्या त्या खेळाच्या यंत्राला त्या 'डबा' म्हणतात. "आमच्या ह्यांचा डबा बिघडलाय, आता आठवडाभर घरात सुतक," असं त्या सांगतात. पण डब्यासमोर मोडा कोणत्या कोनात ठेवायचा म्हणजे भाऊंची मान दुखत नाही, हे त्यांनीच ठरवलेलं आहे.

त्या दोघांना मूल झालं नाही. फार वर्षांपूर्वी डॉक्टर झाले, औषधं झाली, एकमेकांची समजूत घालून झाली आणि त्यांनी तो विषय मिटवला. मिटवला म्हणजे त्यांच्यापुरता. नातेवाइकांनी तो पुढे बरीच वर्षं जिद्दीने चालू ठेवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. मोठ्या माणसाला स्वतःसाठी काही गमतीचं हवं असेल, तर ते घरातल्या लहान मुलाच्या नावावर घ्यायचं, अशी आपल्यात रीत आहे. सर्कशीला जायचं ते मुलासाठी. आइस्क्रीम आणायचं ते मुलासाठी, आणि मग 'त्याला जास्त नको, सर्दी होईल' म्हणून निम्मं आपण खायचं. पतंग मुलासाठी, पण मांजा बापाच्या हातात. मी स्वतः खेळण्यातली आगगाडी मुलासाठी आणली आणि तो रडायला लागेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. मला कोणी काही म्हटलं नाही. उलट 'किती हौशी बाप' म्हणून कौतुक झालं.

ज्याच्या घरात मूल नाही, त्याने कोणाच्या नावावर घ्यायचं?

भाऊंनी माझ्या मुलाच्या नावावर घेतलं. दुकानदाराने "कोणासाठी?" विचारलं की भाऊ सांगायचे, "भाच्यासाठी." दुकानदार हौसेने रंगीत कागदात बांधून द्यायचा, वर फुगे छापलेले. भाऊ घरी येऊन, कागद फाटू न देता, चिकटपट्टी नखाने अलगद सोडवून, स्वतःची भेट स्वतःच उघडायचे. ते कागद ताई कपाटाच्या फळ्यांवर अंथरायच्या. त्यांच्या घरी कोणतंही कपाट उघडा, आत कोणाचा तरी वाढदिवस असतो.

पण भाचे मोठे होतात. आमच्या चिरंजीवांना दाढी आली, नोकरी लागली, ते परगावी गेले. "तुमचा मुलगा मोठा झाला आणि माझी सोय गेली," भाऊ एकदा म्हणाले. मी हसलो. चांगला विनोद होता. विनोद आला की मी हसतो, पुढचं ऐकत नाही.

तर नवा डबा निघाला. पहिल्या डब्याचा धाकटा भाऊ, पण सगळ्याच बाबतींत थोरला. तो पहिल्यांदा विक्रीला येणार होता मध्यरात्री, बाराच्या ठोक्याला, आणि ज्यांनी आगाऊ नाव नोंदवलं होतं त्यांनी रांगेत उभं राहून न्यायचा होता. भाऊंनी नाव नोंदवलं होतं.

"चला माझ्याबरोबर," त्यांनी फोनवर सांगितलं. "एकटा उभा राहिलो की लोकांना वाटतं मी वॉचमन आहे. मागच्या खेपेला दोघांनी मला पार्किंग कुठे विचारलं."

"मग?"

"मग काय, सांगितलं."

मी गाडी काढली. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसले होते, जसे काही मुलगी बघायला निघालेत. ताई दारातून म्हणाल्या, "भावोजी, सांभाळून न्या. घाईत डब्याऐवजी ह्यांनाच तिथे ठेवून याल." गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा भाऊ समोर बघत म्हणाले, "धाकटे, आज एक ठरवलंय."

"काय?"

"दुकानात विचारतात ना, कोणासाठी घेताय म्हणून. आज सांगणार, माझ्यासाठी."

"सांगा की! त्यात काय एवढं?"

"त्यात काय ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही जन्मभर मुलाच्या नावावर खाल्लंय." मग जरा वेळाने, "नुसतं 'माझ्यासाठी' म्हणू की 'माझ्यासाठीच' म्हणू?"

"'च' नको," मी म्हणालो. "'च' लावला की भांडण वाटतं."

"बरोबर," ते म्हणाले. सिग्नलला थांबलो तेव्हा काचेकडे तोंड करून त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. "माझ्यासाठी." काचेवर वाफ धरली. या वयाचा माणूस एका शब्दाची अशी तयारी करताना मी पाहिला नव्हता. मला त्यात गंमतच दिसली.

दुकानासमोर लोखंडी कठडे लावून रांग वळवली होती. सगळी विशी-पंचविशीतली मुलं-मुली. कोणी घडीच्या खुर्चीवर, कोणी दप्तरावर बसलेलं. एक जण चिलखत घालून आला होता, पुठ्ठ्याचं, आणि त्याला बसता येत नव्हतं म्हणून सगळे त्याला आळीपाळीने टेकायला खांदा देत होते. भाऊ खुशीत होते. पुढच्या मुलाशी त्यांनी कुठल्याशा घाटातल्या वळणावर ब्रेक कधी मारायचा यावर चर्चा सुरू केली. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही तिथे ब्रेक मारता?" भाऊ म्हणाले, "म्हणून तर आठवा येतो." दोघे खूप हसले. माझ्या कानात भाऊ कुजबुजले, "याचा वरचा सुळा बाहेर आलाय. पण हसतो छान. राहू दे तसाच."

त्यांना लाज वाटत नव्हती, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवायचंय. लाज मला वाटत होती. मी कॉलर वर केली होती. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत होतो, आणि असं बघणाऱ्यालाच लोक ओळखतात.

"सर? तुम्ही?"

आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी, मागच्याच वळणावर. मी त्याच्या कामातल्या चुका लाल पेनने काढतो.

"सर, तुम्हीपण खेळता?"

"छे छे छे!" मी म्हणालो. तीन वेळा. "मी नुसता यांना सोडायला आलोय."

'यांना' म्हणताना मी भाऊंकडे अंगठा केला, जसं मागच्या सीटवरच्या गाठोड्याकडे करतात. भाऊंनी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी त्या तरुणाला नमस्कार केला.

मग दुकानातली माईकवाली मुलगी आली. काळा टी-शर्ट, त्यावर पिवळी वीज, आणि मागे मोबाइल धरून चित्रण करणारा एक जण. ती रांगेत एकेकाला विचारत होती, आणि तिचा आवाज दारावरच्या कर्ण्यातून साऱ्या रस्त्यावर ऐकू येत होता. आमच्यापाशी येताच तिचा चेहरा उजळला.

"अरे वा, काका! तुम्ही कोणासाठी घेताय?"

माईक भाऊंच्या तोंडासमोर आला. भाऊंनी चष्मा सारखा केला. श्वास घेतला. ओठ मिटले.

'म' म्हणायला ओठ आधी मिटावेच लागतात, हे मला घरी गेल्यावर, अंथरुणात पडल्यावर सुचलं. त्या क्षणी मला वाटलं, माणूस अडला. निदान मी बायकोला तसंच सांगितलं, की भाऊ अडले म्हणून मी मदतीला धावलो. खरं असं आहे की माझी पाठ त्या ऑफिसातल्या तरुणाकडे होती आणि ती पाठ भाजत होती. आमच्या घरचा एक साठीला आलेला माणूस माईकवर 'माझ्यासाठी' म्हणणार आणि उद्या ऑफिसात त्याचा बोभाटा होणार. मी मान पुढे घातली आणि म्हणालो, "नातवासाठी हो! सात वर्षांचा आहे! भारी हट्टी!"

"अय्योऽऽ!" माईकवाली म्हणाली. सगळ्या रांगेने तिच्यामागून तोच सूर धरला. "नाव काय त्याचं?"

"घरी सोन्या म्हणतात," मी म्हणालो. एकदा खोटं बोलायला लागलो की मी हात आखडता घेत नाही.

भाऊंचे ओठ अजून मिटलेलेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी इथे एखादा विनोद करून मोकळा झालो असतो. ते असे पाहत होते की जणू मी चुकून दुसऱ्याच कोणाचं दार उघडलंय आणि आत ते बसलेत.

गर्दी "सोन्या! सोन्या!" ओरडायला लागली. चिलखतवाला पुठ्ठ्याची तलवार वर करून नाचला. दुकानाचा मॅनेजर बाहेर आला आणि आजोबांना रांगेत सर्वांत पुढे न्या म्हणाला. "नको," भाऊ म्हणाले, पण तोवर लोकांनी प्रेमाने ढकलत त्यांना पुढे नेलंच. मॅनेजरने एक टी-शर्ट आणला. तोच काळा, तीच पिवळी वीज, पण एवढासा, सात वर्षांच्या मुलाचा. भाऊंनी तो घेतला आणि कसा धरावा ते न कळून दोन्ही तळहातांवर आडवा धरला.

माईकवालीने विचारलं, "आजोबा, सोन्या आत्ता बघत असेल तर त्याला काय सांगाल?"

भाऊंना तेव्हा खरं सांगता आलं असतं. ते माझ्याकडे वळून 'हा गाढव खोटं बोलतोय' म्हणाले असते तरी मी मान डोलावली असती. भाऊंनी जरा विचार केला. मग माईकमध्ये म्हणाले, "रात्र झालीय रे. झोप आता."

टाळ्या पडल्या. एका मुलीने डोळे पुसले. माझ्या त्या सहकाऱ्यानेही टाळ्या वाजवल्या आणि मला अंगठा दाखवला.

काउंटरवर विचारलं, "गिफ्ट पॅक करू ना, आजोबा?" भाऊंनी मान डोलावली. कागदावर पुन्हा फुगे होते.

गाडीत मी बोलत होतो. सगळं बोललो. कशी गंमत झाली, रांगेत पहिला नंबर कसा मिळाला, "आठव्याचे एकदम पहिले आलात, भाऊ." ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला ऐकू आले. भाऊ म्हणाले, "इथेच सोडा. पुढे चालतो." घर बरंच लांब होतं. फुग्यांचा खोका छातीशी धरून ते फुटपाथवरून गेले. मी गाडी तिथेच थांबवून ते दिसेनासे होईपर्यंत बसलो. मागे जाऊन त्यांना पुन्हा बसवायला हवं होतं, हे मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाने ती चित्रफीत सगळीकडे पाठवली. 'आजोबांची माया' असं नाव देऊन. ती फिरत फिरत ताईंच्या वॉर्डात पोचली. संध्याकाळी त्यांचा फोन माझ्या बायकोला आला, आणि बायकोने तो माझ्या हातात दिला.

"भावोजी," ताई म्हणाल्या, "आज सगळ्या पोरी माझ्यावर रुसल्या. नातू झाला आणि पेढासुद्धा नाही म्हणाल्या."

"ताई, मी..."

"सात वर्षांचा म्हणजे दुसरीत असेल ना हो?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मी सांगितलं त्यांना, आमच्या धाकट्या भावोजींचा विनोद आहे म्हणून."

"मग... हसल्या?"

"नाही," ताई म्हणाल्या. "बराय, ठेवते. राउंडची वेळ झाली."

बायको त्या रात्री एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीने पंचवीस वर्षांत हे दुःख कोणाला दाखवलं नव्हतं. तू ते कर्ण्यावर लावलंस." आणि दिवा बंद केला.

मी भाऊंकडे जायचं टाळत राहिलो. दवाखान्यामागच्या खोलीवरून दोनदा गेलो, खिडकीतून टेबलावर वाकलेली पाठ दिसली, आणि पुढे निघून आलो. शेवटी रविवारी बायकोने चपला माझ्या पायांसमोर आणून ठेवल्या.

दार ताईंनी उघडलं. आतून गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी हळूच विचारलं, "रागावलेत का?"

"तुम्हीच बघा," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तो शर्ट परत देऊन आले. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, दवाखाना सोडून. दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, मला नातू नाही, मुलगाही नाही, डबा माझ्यासाठी घेतलाय. मी म्हटलं, मग ती माईकवाली पोरगी काय म्हणाली? तर म्हणाली, काका, मग मोठा साइज देऊ?"

आत भाऊ मोड्यावर बसले होते. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पिवळी वीज, पोटावर जराशी ताणलेली. गाडी बर्फातून चालली होती. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, निभावलं. शेवट गोड झाला म्हणजे मधलं कोणी धरून ठेवत नाही. मी बाजूच्या खुर्चीवर बसलो, म्हणालो, "शोभतोय हो शर्ट." भाऊ "हं" म्हणाले. मी म्हणालो, "तरुण दिसताय." वळण आलं, त्यांनी ब्रेक मारला, तीन गाड्या त्यांच्या पुढे निघून गेल्या.

मग मी रीतसर माफी मागितली. जमवून आणलेली होती, दोनदा घोळवलेली. तुमची पंचाईत होऊ नये म्हणून बोललो, माझा हेतू वाईट नव्हता, लोक काय म्हणतील असं क्षणभर वाटलं, आणि तुम्ही त्या माईकवर मला सांभाळून घेतलंत हे मी जन्मात विसरणार नाही, वगैरे. स्वयंपाकघरात ताईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. भाऊंनी शर्यत संपू दिली. अकरावे आले. हातातलं यंत्र त्यांनी मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा, भाऊ," मी म्हणालो, "मी तिथे काय उत्तर द्यायला हवं होतं?"

"प्रश्न मला विचारला होता."